मुलांची चित्रे आणि घरची भिंत



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा मी सांगितले, 'मुलांनी काढलेली चित्रे घरात कशी जपावीत आणि कशी लावावीत.' पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग ते जपून म्हणाले, "किमान वेतन, कंत्राटी कामगार, नव्या कामगार संहिता, असे काही घेतलेत तर?" मी म्हटले, त्यावर मी रोज कारखान्यांच्या दारात बोलतो आणि तेथे ऐकणाऱ्यांना पाळीची घाई असते. आपण सावकाश ऐकणारी माणसे आहात, तर मला एक संध्याकाळ दुसरे काही बोलू द्या. त्यांनी मोठ्या मनाने ते मान्य केले.

आता माझा अधिकार काय, हे आधीच सांगून टाकतो. मी चित्रकार नाही, शिक्षकही नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि औद्योगिक न्यायालयाच्या व्हरांड्यात. मात्र एक काम मला येते, ते म्हणजे कागद जपणे. तीसएक वर्षे मी संघटनेच्या कचेरीत कामगारांचे कागद सांभाळले आहेत. नेमणुकीची पत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीची कार्डे, निलंबनाच्या नोटिसा. नवा सभासद आला की त्याला पहिली गोष्ट सांगतो ती हीच, की बाबा रे, कागद टाकू नकोस. ज्याच्याजवळ कागद नाही त्याने वीस वर्षे घाम गाळला तरी न्यायालयात तो कालच आलेला असतो. असा मी कागदांचा राखणदार. आणि माझ्याच घरात माझ्या मुलीने तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत काढलेली चित्रे एका दुपारी रद्दीत गेली. ती मीच घातली. ते पुढे सांगेन. आधी दुसऱ्या एका चित्राची गोष्ट सांगतो, कारण या विषयाकडे मला त्या चित्राने वळवले.

काही वर्षांपूर्वी चाकणकडच्या एका लहान कारखान्यातला तरुण गडी कचेरीत आला. पॉवर प्रेसवर काम करताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. राज्य विमा योजनेच्या वैद्यकीय मंडळापुढे जायचे होते, म्हणून कागद नीट लावून घ्यायला तो आला होता. प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद निघाला. अपघाताचा अहवाल, विम्याचे कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आणि त्यांतच चार घड्या घातलेला चित्रकलेच्या वहीचा एक कागद. त्याच्या पहिलीतल्या मुलाने शाळेत 'माझे बाबा' या विषयावर काढलेले चित्र होते ते. मोठे डोके, मिशा, चौकटीचा शर्ट. डाव्या हाताला पाच बोटे, उजव्या हाताला तीन. शाळेत कोणीतरी लाल पेनने त्या हाताला आणखी दोन बोटे काढून दिली होती आणि शेजारी लिहिले होते, 'मोजून काढ.'

लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. वर्गभर मुलांच्या वह्या पुढ्यात पडलेल्या, त्यांना काय ठाऊक! पण पोराने मोजूनच काढली होती.

मी त्याला विचारले, "हा कागद यांत कसा आला?" तो म्हणाला, "साहेब, टाकवेना. आणि भिंतीवर लावायची लाज वाटते." मी साहेब नाही हे त्याला सांगायचे राहून गेले, इतका मी त्या उत्तरात अडकलो. टाकवतही नाही आणि लावताही येत नाही. आपल्या घरांतल्या पुष्कळ चित्रांची गत हीच असते. ती फ्रिजच्या माथ्यावर, गादीखाली, जुन्या दप्तरात पडून राहतात, आणि मग दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी एकदाचा त्यांचा निकाल लावतो.

आपण ज्या भागात राहतो तो कामाने उभा राहिलेला भाग आहे. पिंपरीत १९५४ साली प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, कारखान्यांमागून माणसे आली, आणि त्या माणसांना घरे हवीत म्हणून १९७२ साली प्राधिकरणाची स्थापना झाली. ते प्राधिकरण २०२१ साली विलीन झाले, तरी आपल्या तोंडी पत्ता अजून 'निगडी प्राधिकरण' असाच आहे. येथल्या स्कूटर, येथली औषधे, येथल्या मालगाड्या देशभर गेल्या. त्यांतल्या एकाही वस्तूवर ती करणाऱ्या माणसाचे नाव नाही. असू शकत नाही, तो कारखान्याचा धर्मच आहे; ती तक्रार मी आज करत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की कामगाराच्या घरात एकच वस्तू अशी असते, की जी करणाऱ्याची स्वतःची असते आणि जिच्यावर त्याचे नावही असते. कोपऱ्यात, वाकड्या अक्षरात, कधी कधी एखादे अक्षर उलटे काढलेले. ती वस्तू आपण त्याला न विचारता काढून टाकतो. प्रौढ माणसाच्या बाबतीत असे झाले असते तर मी दारावर सभा घेतली असती!

यावर एक आक्षेप येतो आणि तो साधा नाही. माझ्या आईनेच तो घेतला होता. ती म्हणाली, "आपल्याकडे चित्र ठेवायचे कुठे असते? काढायचे आणि पुसायचे." तिचे खोटे नव्हते. आता चैत्र आहे. ज्या घरी चैत्रांगण काढतात तेथे ते रोज सकाळी नवे काढतात. भोंडल्याचा हत्ती पाटावर काढायचा, फेर झाला की पुसायचा. मुलांचा दिवाळीचा किल्ला घ्या. आठ दिवस माती कालवून, अळीव पेरून, बुरुजांवर मावळे बसवून उभा केलेला किल्ला पुढे मोडतोच. माझी स्वतःची चित्रे तर सगळी पाटीवरची. ओल्या फडक्याचा एक हात फिरला की हत्ती गेला, आणि त्या जागी बेरीज आली. मग या पिढीच्या मुलांचेच एवढे काय मोठे?

मी यावर पुष्कळ विचार केला. रांगोळी पुसते ती जिने काढली तीच बाई. किल्ला मोडतो तो ज्याने बांधला तोच पोरगा, आणि मोडताना बांधण्याइतकीच मजा त्याला येते. वर फटाका लावून उडवतो. पण शेजारच्याने किल्ल्याला लाथ मारून पाहावी, मग रडारड बघा! तेव्हा प्रश्न चित्र राहावे की जावे एवढाच नाही. ते राहायचे की जायचे, हे ठरवायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे. मुलाने स्वतः फाडले तर फाडू द्यावे. आपण फाडायचे तर विचारावे. मी आईला हे सांगितले, तर ती म्हणाली, "तुझी पाटी मी पुसली नाही कधी, तूच पुसायचास." ते मात्र मला आठवत नाही.

पालघर जिल्ह्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे नाव आपण ऐकले असेल. १९३४ सालचा त्यांचा जन्म. लहानपणी आई गेली आणि या मुलाने बोलणेच सोडले. जे सांगायचे ते तो धुळीत रेघा काढून सांगे, असे त्यांच्याविषयी सांगतात. वारल्यांच्या घरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढायची रीत लग्नकार्यातली आणि बायकांच्या हातातली. पुढे १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या भागात कागद आणि रंग घेऊन गेले, तेव्हा या मुक्या झालेल्या मुलाचा हात किती मोठा आहे ते जगाला कळले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. मला त्यांच्या कीर्तीपेक्षा त्या धुळीतल्या चित्रांचे नवल वाटते. ती राहिली नाहीत, राहणे शक्यही नव्हते. पण कोणीतरी खाली वाकून ती पाहिली असली पाहिजेत, नाहीतर त्या मुलाला भूक लागली आहे की झोप आली आहे हे घरात कळले कसे असते?

पाहणे हेच मुळात आपल्याला येत नाही. मूल चित्र घेऊन धावत येते. आपण मोबाइलवरून मान न काढता 'छान' म्हणतो, नाहीतर मान काढून 'कावळ्याला चार पाय असतात का रे?' असे विचारतो. यातून मुलाने निष्कर्ष काढलेला आहे, की मोठ्या माणसांना एकच चित्र आवडते. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, एक झोपडी, एक नारळाचे झाड. निगडीत जन्मलेल्या मुलाने ही नदी आणि हे नारळ पाहिले कुठे? त्याच्या खिडकीतून दुर्गा टेकडी दिसते, महामार्ग दिसतो, क्रेन दिसते. पण या चित्राला बक्षीस मिळते, म्हणून महाराष्ट्रभर सगळी मुले तेच काढतात आणि आपण तेच चौकटीत बसवतो. माझी विनंती आहे की बक्षिसाचे चित्र खुशाल लावा, पण तेवढेच लावू नका.

फ्रान्समध्ये ज्यॉर्ज-आंरी लुके नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. त्यांनी आपल्या लहान मुलीची, सिमोनची चित्रे वर्षानुवर्षे जमवली, ती काढताना काय बोलली तेही टिपून ठेवले, आणि १९१३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांनी म्हटले ते मला फार पटले. लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला ठाऊक असते ते काढते. म्हणून त्याच्या चित्रातल्या घराच्या भिंती काचेच्या असतात. बाहेरून घर दिसते आणि आतली माणसेही दिसतात. आपण त्याला चूक म्हणतो. वस्तुतः आपल्या घरात काय चालते याचा त्याइतका खरा पुरावा दुसरा नाही.

आता माझ्या घराची गोष्ट. २००३ साली आम्ही येथेच, ओटा स्कीमजवळ, भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी एका कारखान्यात रात्रपाळी करत असे आणि दिवसा संघटनेचे काम. मधल्या वेळात झोप. मुलगी दुसरीत होती. चित्रकलेच्या वह्या घेण्याची ऐपत नव्हती असे नाही, पण घरात एका बाजूने छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे पडलेले असत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती चित्रे काढी. पुढच्या वर्षी कारखान्यात टाळेबंदी झाली. खोली बदलावी लागली. सामान हलवायच्या दिवशी मी रद्दीवाल्याला बोलावले आणि खाटेखालचे सगळे गठ्ठे तोलून दिले. ती शाळेतून आली, खाटेच्या जागी वाकून पाहिले आणि विचारले. मी म्हटले, "नवीन काढ की." वाटले, किती सोपे उत्तर दिले आपण.

तिने नवीन काढली नाहीत असे नव्हे. मला दाखवली नाहीत.

२०१९ साली एका जुन्या दाव्यासाठी मी कचेरीतली फाइल उघडली. तीत २००३ सालचे आमचे पत्रक लावलेले होते. रात्रपाळीच्या भत्त्याची मागणी, आठ मुद्दे. कागद काढून उलटा केला, तर मागे चित्र. घाईत घरच्या गठ्ठ्यातला कागद फाइलला लागला होता. चित्रात एक खोली, भिंती काचेच्या. मधोमध खाटेवर एक माणूस चादर ओढून झोपलेला, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला. घड्याळात बारा वाजलेले, खिडकीत सूर्य. आणि खाटेभोवती माझी आई, माझी पत्नी आणि मुलगी स्वतः, तिघींचे बोट ओठांवर. खिडकीवर एक कावळा, त्याने पंख चोचीवर धरलेला.

मी त्या भत्त्यासाठी कितीतरी बैठका केल्या होत्या. रात्रपाळीने कामगाराच्या पित्तावर, डोळ्यांवर, झोपेवर काय परिणाम होतो ते मी घडाघडा सांगत असे. ज्या घरात दिवसा माणूस झोपलेला असतो तेथे बाकीची माणसे वर्षानुवर्षे कशी राहतात, हे आमच्या आठ मुद्द्यांत नव्हते. ते कागदाच्या मागच्या बाजूला होते, आणि ते वाचायला मला सोळा वर्षे लागली. अशी अजून किती पत्रके रद्दीत गेली ते आता कळण्याचा मार्ग नाही.

असो. आता कामाचे बोलतो, कारण आपणांपैकी काही भगिनी मघापासून वही काढून बसल्या आहेत.

कागदाचे शत्रू ऊन, ओल, कसर, वाळवी आणि आपली हौस. हौस पाचवी असली तरी नुकसान तीच सर्वांत जास्त करते. चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा डाग कागदात उतरतो आणि निघत नाही. टाचणी आणि स्टेपल पावसाळ्यात गंजतात. खळीने चिकटवले की कसरीला जेवणच वाढले. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे, मुलांच्या घरात नको. लॅमिनेशनचा मोह तर होतोच. त्यात उष्णता असते, मेणाचे खडू वितळतात, आणि एकदा केले की उलटवता येत नाही. स्केचपेनचे रंग उन्हात उडतात, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला ओल येते, तेव्हा चित्रे आतल्या भिंतीवर घ्या.

घर भाड्याचे असेल, मालक खिळा मारू देत नसेल, तर खिडकीच्या गजापासून कपाटापर्यंत एक दोरी बांधा आणि कपड्यांचे चिमटे वापरा. याला खर्च नाही. दोरी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी. पाहुण्यांना वाकून पाहू द्या, त्यांचे काही बिघडत नाही. कोणते चित्र लावायचे आणि कोणते उतरवायचे हे मुलाने ठरवावे. दोन मुले असतील तर दोरीची वाटणी आधीच करा. एका सभासदाच्या घरी यावरून मला रीतसर वाटाघाटी कराव्या लागल्या. थोरल्याचा दावा सेवाज्येष्ठतेचा, धाकटीचा उत्पादनाचा! शेवटी अर्धी-अर्धी दोरी ठरली आणि धाकटीने जादा कामाची चित्रे दारावर लावावीत असा करार झाला.

उतरवलेली चित्रे घडी न घालता आडवी ठेवावीत. घडीवर कागद तुटतो. साडीचे पुठ्ठ्याचे खोके यासाठी उत्तम. तेलखडूची चित्रे एकमेकांना लागतात, मध्ये बटर पेपर घाला. खोके जमिनीवर नको, उंचावर ठेवा, आणि पावसाळा संपला की एकदा सावलीत उघडून वारा द्या. सगळेच ठेवणे शक्य नाही, हे एका खोलीत पाच माणसे राहून मला चांगले माहीत आहे. म्हणून खोके एकच ठेवा. ते भरले की वर्षातून एकदा मुलाला घेऊन बसा आणि काय ठेवायचे ते त्यालाच निवडू द्या. तुम्हाला आवडलेले एखादे त्याने टाकायला काढले तर ते त्याच्याकडे मागा. मूल सहसा नाही म्हणत नाही, उलट फार खूष होते. मोबाइलवर फोटो जरूर काढा, पण शेजारी रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे चित्र केवढे होते ते कळेल. फोटो आहे म्हणून कागद टाकायची घाई करू नका, फोन बिघडतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मागच्या बाजूला हलक्या हाताने, पेन्सिलीने, नाव आणि तारीख लिहा. मूल चित्राविषयी जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहा. आपले शब्द घालू नका.

नावाचा मी एवढा आग्रह का धरतो? दुसऱ्या महायुद्धात नाझींनी चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझिन येथे ज्यूंना डांबले होते. तेथे फ्रिडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या एका चित्रकार बाई मुलांना चोरून चित्रकला शिकवीत. कागद नसे, जुने फॉर्म, बांधणीचे कागद, जे मिळेल त्यावर मुले काढीत. बाई प्रत्येकाला चित्रावर आपले नाव घालायला लावीत. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला नेले आणि तेथे ठार मारले. त्यांच्या मुलांपैकीही बहुतेक मारली गेली. पण सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसींमध्ये भरून लपवून ठेवलेली होती, ती युद्धानंतर प्रागला पोहोचली आणि आज तेथल्या ज्यू संग्रहालयात आहेत. फुले, घरे, रेल्वेगाडी, जेवणाचे टेबल. त्या मुलांनी या जगात मागे ठेवलेली सही तेवढीच.

त्या प्रेसवरच्या गड्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मंडळापुढे त्याचे काम झाले. मिळाले ते थोडे, पण मिळाले. काही महिन्यांनी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा ते चित्र दोरीला लावलेले होते. लाल बोटे तशीच होती. मुलाने त्यांच्याभोवती पेन्सिलीने एक मोठा चौकोन काढून त्याला चाके लावली होती. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, "ही दोन बोटे दवाखान्यात चाललीत." बाप हसला. मला हसू आले नाही, पण बापाला आले हे मी पाहिले.

माझ्या मुलीचे ते पत्रकाच्या पाठीवरचे चित्र आज येथे आणून आपल्याला दाखवावे, असे माझ्या मनात होते. ते मी फाइलमधून काढून तिला परत केले होते. आता तिचे लग्न झाले आहे, तिच्या घरी ते आहे. गेल्या आठवड्यात तिला फोन करून विचारले. ती म्हणाली, "सांगायचे तर सांगा, बाबा. दाखवायला मी देणार नाही." म्हणून मी ते आणलेले नाही.